सोलापुरातला तिसरा उद्गार

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, हा खरं तर गप्प बसण्याचा दिवस. मी मात्र त्या दिवशी बोलण्यासाठी म्हणून पुण्याहून सोलापूरला गेले होते. नवी पांढरी साडी, नव्या सँडल्स आणि पर्समध्ये चौदा पानी भाषण. साल सत्तरीतलं, मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं. माझं वय बत्तीस. त्या बत्तीस वर्षांच्या बाईची आणि माझी आता फारशी ओळख उरलेली नाही, पण कधी समोर आलीच तर मी तिचा कान चांगला पिळीन. आमच्या नातवंडांना वाटतं की आजी जन्मतःच शहाणी होती. तो गैरसमज दूर व्हावा आणि ज्यांनी सोलापूरचा पवित्र आठवडा पाहिलेला नाही त्यांना तोही कळावा, म्हणून हे लिहिते आहे.

त्या वर्षी एकाच आठवड्यात सोलापूरहून दोन पत्रं आली. एक तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांचं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे आणि मंडळीत बऱ्यापैकी बोलते असं नाव होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत मी तिसऱ्या उद्गारावर बोलावं अशी त्यांची विनंती होती.

दुसरं पत्र माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. घरात सगळेच तिला अक्का म्हणत, आईसुद्धा. तिने लिहिलं होतं, "डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली आहे. फार दिवस थांबू नका म्हणाले. नंतर तीन महिने मला घागरसुद्धा उचलायची नाही, आणि आईला तर दिवसातून चारदा उचलावं लागतं. ईस्टरला ये, आणि जाताना तेवढे दिवस आईला घेऊन जा. आई माझ्याकडे आहे त्या अकरा वर्षांत तुला कधी काही मागितलं नाही."

पहिल्या पत्राला मी परतीच्या टपालाने उत्तर धाडलं. दुसऱ्याला एका कार्डावर लिहिलं, "येतेच आहे. समक्ष बोलू." आणि आमच्या ह्यांना जाण्यायेण्याची तिकिटं काढायला सांगितली. येतानाची दोन पूर्ण आणि एक लेकीचं अर्धं. आईचं का नाही, हे ह्यांनी विचारलं नाही. आमचा संसार असल्या न विचारलेल्या प्रश्नांवरच सुखाचा झाला.

आता ह्या उद्गारांची भानगड सांगते. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून ख्रिस्त सात वेळा बोलला, म्हणून सात माणसं एकेका उद्गारावर बोलतात, मध्ये मध्ये गीतं होतात. तिसरा उद्गार आईविषयीचा. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या आपल्या आईला तो आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली करतो, आणि शिष्य त्या माउलीला आपल्या घरी घेऊन जातो. हा उद्गार बहुतेक ठिकाणी बाईमाणसाला देतात. म्हणजे रडवायची जबाबदारी आमची.

गाडीत मी ह्यांना भाषण वाचून दाखवलं. हे डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे झोपले होते. खरा श्रोता समोरच्या बाकावर निघाला. बार्शीचे कुणी भुसार व्यापारी, मांडीवर भाकरीचं फडकं. माझं पान संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग न्हेलं का त्यानं म्हातारीला?"

"नेलं," मी म्हणाले.

"लगीच?"

"लगेच."

"बायकूला न इचारता?"

"तो शिष्य तरुण होता हो. लग्न झालं नव्हतं बहुतेक."

"मग बराबर हाय," असं म्हणून त्यांनी भाकरी मोडली. मी त्यांना अडाणी ठरवून खिडकीबाहेर बघत बसले.

गुरुवार

स्टेशनवर दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, टांगा घेऊन आले होते. ते गिरणीत टाइमकीपर होते. "या वक्त्याबाई," ते म्हणाले, "बोर्डावर तुमचं नाव लागलंय. पुण्याच्या म्हणून ठळक लिवलंय." मला गुदगुल्या झाल्या. टांग्यात बसता बसता त्यांनी हळूच विचारलं, "आईंसाठी खालचा बाक मिळाला का येतानाचा?" मी सँडलचा पट्टा ओढत बसले. टांगा सुटला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

एप्रिलमधलं सोलापूर ज्याने पाहिलं नाही त्याला काय सांगू! रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. प्रत्येक गल्लीतून मागांचा खटखटाट तेवढा येतो. ऊन नुसतं वरून पडत नाही, भिंतींतून येतं, जमिनीतून येतं, तांब्याला हात लावला तर तांब्यातून येतं. आम्हा पुणेकरांना 'उकडतंय' हा एक शब्द पुरतो. तिथे माणसं त्याबद्दल बोलतच नाहीत.

अक्काच्या दोन खोल्या चर्चच्या मागच्याच कंपाउंडात. ती दारात उभी होती. ओठ पांढरे पडलेले, चौकट धरलेली. माझ्याहून नऊच वर्षांनी मोठी, पण टांगेवाल्याने तिला "आजीबाई, बाजूला व्हा" म्हटलं. आई आत खाटेवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात मांडीचं हाड मोडून नीट न बसलेलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुशे, गाल वर आल्यात की तुझं. सुखात हाईस."

मी पुण्याहून मोठा केक नेला होता. बेकरीतला, बदाम लावलेला. अक्काने तो बघितला आणि खोक्याचं झाकण पुन्हा लावलं. चाळीस दिवसांच्या उपासकाळात त्या घरात गोड नव्हतं, मटण नव्हतं, अक्काने तर चहासुद्धा सोडला होता. आम्ही पुण्यात पहिल्या, राखेच्या बुधवारी एक दिवस पाळायचो आणि उरलेले एकोणचाळीस दिवस तो पाळल्याचं सांगत फिरायचो. केक रविवारपर्यंत फडताळात गेला.

संध्याकाळी प्रभुभोजनाच्या उपासनेला निघण्याआधी अक्काने चुलीपाशी मला गाठलं. "आईचं काय ठरवलंस?"

"अगं, शुक्रवार होऊ दे," मी म्हणाले. "एवढ्या पवित्र आठवड्यात घरगुती विषय नकोत."

हे वाक्य मी खरंच बोलले. आवाज खाली आणून, मान जराशी कलती करून.

शुक्रवार

त्या मंडळीची एक रीत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. चर्चच्या ओट्यावर एक मोठा माठ असे, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही पाणी मिळावं म्हणून. उत्तम शुक्रवारी सकाळी तो रिकामा करून पालथा घालत आणि तीन वाजता उपासना सुटली की सुलटा करून भरत. पालथ्या माठाशेजारून आत जायचं आणि तीन तास घोटभर पाणी नाही. दुष्काळात टँकरच्या रांगेत भांडलेली माणसं ती. त्यांनी पाणी पालथं घालणं म्हणजे काय, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणखी एक म्हणजे, त्या दिवशी कुणी कुणाला सलाम घालत नसे. मी रस्ताभर "सलाम, सलाम" करत गेले आणि लोक खाली माना घालून बाजूला होत गेले. मला वाटलं, बुजले बिचारे.

आत पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच मंचावर, काळं कापड. फुलं नाहीत, घंटा नाही. बायका एका बाजूला पांढऱ्या लुगड्यांत, पुरुष दुसऱ्या बाजूला. मराठी माणसं, तेलुगू विणकरांची घरं, अक्कलकोटकडचे कानडी. गीत मराठी, पण आपापल्या जिभेने. आमच्याकडे पुण्यात ऑर्गन. इथे पेटी, तबला आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे सूर. वीज बारालाच गेली, पंखे थांबले. दाजींनी आणि ह्यांनी आईला खुर्चीसकट उचलून आणून पहिल्या रांगेजवळ ठेवलं होतं. अक्का तिला ताडाच्या पंख्याने वारा घालत होती.

पहिला उद्गार झाला, दुसरा झाला. मग मी.

खोटा विनय कशाला, मी छान बोलले. त्या बाईची चेष्टा करायला मी कितीही तयार असले तरी बोलणं तिला येत होतं. मी म्हटलं की त्या शिष्याने "बघू", "समक्ष बोलू" असं म्हटलं नाही. जागा किती, जिने किती, असं विचारलं नाही. मी म्हटलं, ज्याच्या घरात म्हाताऱ्या आईला कोपरा नाही त्याच्या घरात ख्रिस्तालाही कोपरा नाही. ह्या ठिकाणी थोडं थांबायचं, असं मी पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मी थांबले. बायकांच्या बाजूने पहिला हुंदका आला, मग दुसरा. दाजींनी चष्मा काढला. अक्काचा वारा घालणारा हात थांबला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. ती हसत होती. तिला वाटलं, हेच माझं उत्तर आहे. कार्डावर लिहिता आलं नाही ते मी सगळ्यांसमोर बोलून दाखवते आहे.

आणि आई. आईने दोन्ही हात जोडले होते. पुलपिटाकडे नव्हे, माझ्या आवाजाकडे.

खाली आल्यावर माझा घसा सुकून फाटायची वेळ आली. चौथा उद्गार सुरू झाल्यावर मी हळूच बाहेर पडले. माठ पालथा. मग सँडल्स चावत असताना तशीच गल्लीत गेले. पहिल्याच घरात माग चालू होता. दारात एक मोमीन बाई सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मी खुणेने पाणी मागितलं.

"आज तुमारा गम का दिन है ना माँ?" पेला पुढे करत त्या म्हणाल्या. "रोजा नै रखे क्या?"

"तबियत ठीक नहीं," मी म्हणाले आणि दोन पेले प्याले.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आँचल से मुँ पोंछ लेव," त्या म्हणाल्या, "तुमारे लोगां देखेंगे."

परत आले तर पाचवा उद्गार चालू होता. तहानेचा. माझ्या हनुवटीवर अजून ओल होती.

बोलत होते ते दावीदमामा. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, पन्नाशीचे, हातात कागद नाही, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. "म्या शिकल्याला न्हाय," ते म्हणत होते. "खात्यात कापूस नाकातोंडात जातुया. तवा तान काय असती त्ये मला ठावं हाय. प्रभूनं सोत्तासाटी काय मागितलं न्हाय, निस्तं पानी मागितलं. आन लोकांनी काय दिलं? आंब दिली, आंबट शिरका. मी बी..." ते थांबले. "मी बी कुनाला तरी आंबच दिलीया," एवढं म्हणून ते जाग्यावर जाऊन बसले. दोन मिनिटांत संपलं. मी ह्यांच्या कानात म्हटलं, "तयारी केली नव्हती वाटतं."

तीनला माठ सुलटा झाला. पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला, बायकांनी मला घेरलं. घरी अंबील आणि पातळ वरण होतं. आई खाटेवर बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "पुन्याची गाडी सोमवारी कवा सुटती?"

"दुपारची," ह्यांनी सांगितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

शनिवार

शनिवारी सगळी मंडळी दफनभूमीत. झाडलोट करायची, गवत काढायचं आणि आपापल्या कबरींना चुना लावायचा, म्हणजे रविवारी पहाटे सगळं पांढरं दिसतं. आमच्या वडिलांची कबर कुंपणाशी, बाभळीखाली. ते बार्शीकडच्या खेड्यांत शाळामास्तर होते. रिटायर झाल्यावर अक्काकडे आले आणि तिथेच गेले. चुना मी लावला. म्हणजे पहिले चार फटकारे मी मारले, बाकीचा ह्यांनी लावला, आणि माझ्या साडीवर जो उडाला तो कायमचा राहिला.

दाजी दुपारी आले ते सायकलवरून उडी मारूनच. घामाने निथळत होते. "मिळालं! तुमच्याच डब्यातलं! बाबूला सांगितलं, म्हातारं माणूस हाय, खालचाच बाक द्या." आणि खिशातून आईचं तिकीट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"अगदी सोमवारीच?" मी म्हणाले.

"मग? तुमच्या संगतीनंच जायला पाहिजे की! एकट्या कशा जातील?"

ह्यांनी चुन्याच्या बादलीत डोकं घातलं. मी तिकीट पर्समध्ये टाकलं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर निदान एक रात्र त्या माणसांची आशेत गेली नसती. पण चारचौघांत, कबरींमध्ये, कालच्या वक्त्याबाईने कसं सांगायचं? मला लाज वाटत होती, फक्त चुकीच्या जागची.

खरं कारण आता सांगायला हरकत नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो हे खरं. पण बाहेरच्या खोलीत नवा सोफा आला होता. शिकवणीच्या मुली तिथेच येत. तिथे आईची खाट, तिचं कमोडचं भांडं, तिचं ते मोठ्याने "देवा ये, देवा ये" कण्हणं, आणि हेडमिस्ट्रेसबाई कधीही चहाला येणार. बस, एवढंच. एवढ्यासाठी.

घरी आले तर अक्का आईची नखं काढत होती. आई म्हणाली, "सुशे, तुमचा तिसरा मजला न्हवं? मी इचार केलाय. येकेक पायरीवर बसून बसून, ढुंगणानं सरकत चढंन. अर्धा दिस लागंल, लागू दे की. मला काय हापिसाला जायाचंय?" आणि दोघी हसल्या. अक्काचं हसू असं मोकळं होतं, की मीसुद्धा हसले.

रविवार

पहाटे अंधारातच सगळे दफनभूमीत जमतात. उजाडता उजाडता पहिलं गीत. पांढऱ्या कबरी, त्यांवर झेंडू आणि मोगरा, आणि माणसं एकमेकांना दोन दिवसांनी पुन्हा सलाम घालतात. ज्याने हे पाहिलं नाही त्याने एकदा पाहावं. माझ्यासारखं नव्हे, नीट पाहावं.

उपासना सुटताना दावीदमामा गर्दीतून माझ्याकडे आले. त्यांच्या पाठीवर, पोत्यासारखी, एक लहानखुरी म्हातारी. त्यांनी तिला आमच्या वडिलांच्या कबरीशेजारी हलकेच खाली ठेवलं.

"ताई," ते म्हणाले, "ही माजी सावत्र आय. दुधनीला भाच्याकडं पडली हुती, गोठ्याच्या वळचणीला. आट वरसं मी त्वांड दावलं न्हाय. शुक्करवारी तुमी बोलला. काल सकाळच्या गाडीनं गेलो आन उचलून आनली." मग म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन कानडीत काहीतरी सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले.

लोक जमले. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, वचन कुठे कुठे पोचतं!" कुणीतरी पुन्हा गीत धरलं. दावीदमामांची बायको मागे उभी होती, तिचा चेहरा काही गाण्याचा नव्हता, पण तिने म्हातारीसाठी पायताण हातात धरलं होतं. उचलून आणलेल्या खुर्चीवरून आई म्हणाली, "माजी ल्येक हाय ती. उद्या मी बी जातीया तिच्याकडं."

दुपारी मटण झालं, भाकरी, शेंगाची चटणी, आणि शेवटी माझा केक. फडताळातून काढला तर बदामांपर्यंत मुंग्या. दाजींनी तो उन्हात ठेवून झटकला आणि सगळ्यांनी खाल्ला. "पुण्याच्या मुंग्या गोड असत्यात," ते म्हणाले.

जेवणानंतर अक्का आईची लुगडी घड्या करत बसली. "हिरवं ठेवू का बरोबर? तुझ्याकडे येणारे-जाणारे फार, चांगलं दिसायला पाहिजे."

मग मला बोलावंच लागलं. मी दार लोटलं आणि म्हणाले, "अक्का, ऐक. सध्या नको. आमची शाळेची परीक्षा, ह्यांच्या बढतीचं चाललंय. जूनमध्ये बघू. नाहीतर तू इथेच एखादी बाई ठेव, आम्ही काहीतरी पाठवत जाऊ."

अक्काने घडी पुरी केली. सावकाश. "सुशे, परवा तू काय बोललीस?"

"अगं," मी म्हणाले, "ते उपासनेतलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं, मी भांडणातही छान बोलते. पण ती तशीच बसली, एक हात पोटावर दाबून, जसा ती त्या दिवसांत सारखा दाबायची.

लोटलेलं दार ही आंधळ्या माणसासाठी काही भिंत नव्हे. बाहेरून आईचा आवाज आला, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अक्के, लुगडी परत ठिव. म्या न्हाई जायाची पुन्याला."

दाजी म्हणाले, "का हो आई? तिकीट काढलंय की."

"त्ये द्या माघारी. सुशी लई आग्रह कराया लागलीया, पर मलाच नगं वाटतंय. तिसरा मजला. आन तुमच्या सासऱ्याच्या कबरीला चुना कोन लावायचा? सुशे, तू वाईट वाटून घेऊ नगंस हं. माज्यावर रागवू बी नगंस."

मी दार उघडून बाहेर आले. आईने तोंड माझ्या दिशेला केलं होतं. तिने मला सुटका दिली होती, सगळ्यांसमोर, माझी अब्रू राखून. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "बघ आई. एवढं म्हणत होते मी. पण तुझं मन नसेल तर नाइलाज आहे." माझ्या आवाजात थोडा रुसवासुद्धा होता. तो मी कुठून आणला, देव जाणे.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आणि माझ्याकडून तिकीट मागून घेऊन सायकलवरून स्टेशनवर गेले.

सोमवार

दाजी कामावर गेले होते. टांगा ह्यांनी आणला. अक्काने आमच्याबरोबर भाकरी आणि चटणी बांधून दिली, लेकीचे केस विंचरले. ऑपरेशनचं विचारायचं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दिवाळीनंतर बघू. तोवर काढीन कशीबशी." तिला दिवाळीपर्यंत अंगावरून जातच राहिलं. आई त्याआधीच, श्रावणात गेली. मी तार मिळाल्यावर पोचले, तोपर्यंत माती देऊन झाली होती.

पण ते पुढचं. त्या सोमवारी मी आईच्या पाया पडले तेव्हा तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. टांगेवाला हाका मारत होता. "सुशे," ती म्हणाली, "त्ये तुजं भाषान लिवून धाड. शुक्करवारी मागनं नीट आयकाया आलं न्हाई. अक्का वाचून दावंल मला."

आई पहिल्या रांगेजवळ बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

ती टोचून बोलली की खरंच तिला ते हवं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला कुणी नाही. तेव्हा मला वाटलं, आईला भाषण आवडलं. पुण्याला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं, समास सोडून, थांबायच्या जागा तांबड्या शाईने दाखवून, कारण अक्काला वाचनाची तेवढी सवय नव्हती. आणि पाठवून दिलं.

मे महिन्याच्या शेवटी अक्काचं कार्ड आलं. तिच्या आधीच्या सगळ्या पत्रांत खुशाली असायची, सगळ्यांची नावं असायची. ह्या कार्डावर तीनच ओळी होत्या.

"भाषण पोचलं. आई रोज दुपारी वाचायला लावते. आता मला पाठ झालं आहे."